जादा स्पीकर जोडण्यापूर्वी

भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाने विजेच्या यंत्राविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु एखादी गोष्ट नीट ठाऊक असलेल्या माणसाला ती सांगण्याचा जसा अधिकार असतो, तसा ती ठाऊक नसल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान करून बसलेल्या माणसालाही थोडा असावा. मी या दुसऱ्या वर्गातला आहे.

विषय लहान आहे. गिटार वाजवणाऱ्याच्या शेजारी जी लहानशी ॲम्प्लिफायरची पेटी असते, तिला आणखी एक स्पीकर कसा जोडावा आणि केव्हा जोडू नये, एवढेच मला सांगायचे आहे. ॲम्प्लिफायरला ध्वनिवर्धक आणि स्पीकरला ध्वनिक्षेपक असे शब्द आपल्या पुस्तकांत आहेत. तरी दुकानात, मांडवात आणि चर्चमध्ये लोक जे शब्द वापरतात, तेच मी येथे वापरतो.

बेळगावच्या बाजूच्या एका खेड्यातल्या आमच्या चर्चमध्ये गायकवृंदाची थोडीशी जबाबदारी माझ्याकडे आहे. पूर्वी तेथे एक हार्मोनियम होती, तीच सर्व गीतांना पुरत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्यात पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही, धर्माधिकाऱ्यांची संमती असल्यास, दार उघडलेले आहे. त्या दारातून पुढे गिटार आली आणि गिटारच्या मागोमाग ही पेटी आली. आमच्या वृंदात गिटार वाजवणारा मुलगा गेल्या वर्षी दहावीत होता. त्याची आई घरी शिलाईकाम करते. तिने कित्येक महिने थोडे थोडे बाजूला ठेवून त्याला १० वॅटचा एक ॲम्प्लिफायर घेऊन दिला होता. आत ८ इंचांचा एकच स्पीकर, वर चार बटणे. एका हाताने उचलता येईल एवढी पेटी. एरवीच्या रविवारी ती आम्हांला पुरेशी होती.

फेस्ताचे मात्र निराळे असते. त्या दिवशी आसपासच्या वाड्यांवरून माणसे येतात, चर्च भरून जाते आणि दाराबाहेर मांडव घालावा लागतो. म्हाताऱ्या बाया बहुधा मांडवातच बसतात, कारण आत उकडते. त्यांतल्या एका आजींनी आदल्या वर्षी मला म्हटले होते, “मास्तर, पोरगा गिटार वाजवतो ते दिसते हो, पण ऐकू काही येत नाही.” ते वाक्य माझ्या मनात राहिले होते. गेल्या वर्षी फेस्ताला चार दिवस असताना मी ठरवले की पेटीला आणखी एक स्पीकर जोडून तो दाराशी ठेवावा.

माझ्या घरी एका जुन्या स्टिरिओचा एक स्पीकर पडून होता. त्याच्या पाठीवर ‘४ ओहम’ असे लिहिलेले मी पाहिले. ॲम्प्लिफायरच्या मागल्या पट्टीवर ‘८ ओहम’ असे होते, तेही पाहिले. चारपेक्षा आठ मोठे. तेव्हा आठचे ओझे वाहणाऱ्या यंत्राला चारचे ओझे म्हणजे काहीच नाही, असा मी सरळ अंकगणिताने निष्कर्ष काढला. पेटीची मागची बाजू अर्धी उघडीच असते. आतल्या स्पीकरला ज्या दोन तारा येतात, त्यांच्याच टोकांना मी माझ्या स्पीकरच्या दोन तारा पीळ देऊन बांधल्या.

सराव सुरू झाला. दाराशी ठेवलेल्या स्पीकरमधून गिटारचा आवाज आला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझीही छाती थोडी फुगली, हे कबूल केले पाहिजे. पहिली चार गीते झाली. मग आवाज फाटू लागला, जणू कागद फडफडतो आहे. मुलगा म्हणाला, “सर, मागची पट्टी फार तापली आहे.” मी म्हटले, “एवढे गीत होऊ दे.” ते गीत पुरे झाले नाही. करपल्यासारखा वास आला आणि पेटी गप्प झाली.

त्यानंतरची गोष्ट सांगणे मला अधिक जड जाते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर त्या मुलाची आई मला चर्चच्या पायऱ्यांवर भेटली आणि म्हणाली, “सर, माफ करा. पोराने आवाज वाढवून मशीन बिघडवले, तुमचा सराव खोळंबला.” मुलाने घरी दोष स्वतःवर घेतला होता. आपले सर चुकले, असे आईला सांगणे त्याला बरे वाटले नसावे. मी तिला तेथेच सांगितले की यंत्र त्याने नव्हे, मी जाळले. ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग दुरुस्त होईल ना, सर?” मी ‘होईल’ म्हटले, पण होईल की नाही, हे मला ठाऊक नव्हते.

त्याच दुपारी मी पेटी घेऊन बेळगावला एका जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी मागची बाजू उघडली, एक काळी चकती दाखवली, आणि माझी सर्व हकीगत ऐकून घेतल्यावर म्हणाले, “काय ओ मास्तर, आकडा लहान तितके ओझे मोठे, हे कोणी सांगितले नाही तुम्हांला?”

श्रोतेहो, आजच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे. ते का खरे, हे आता सांगतो.

स्पीकरच्या आत एक लोहचुंबक असतो. त्याच्या फटीत बारीक तारेचे एक वेटोळे लोंबकळत असते, आणि ते कागदाच्या एका शंकूला चिकटवलेले असते. वेटोळ्यातून विजेचा प्रवाह गेला की ते पुढे-मागे सरकते, शंकू त्याच्याबरोबर हलतो, आणि शंकू हवेला हलवतो. आज सर्वत्र दिसणाऱ्या अशा स्पीकरचे शास्त्रशुद्ध रूप अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघा अभियंत्यांनी १९२५ साली मांडले. आपण या क्षणी माझे शब्द ऐकत आहात, तेही अशाच एका शंकूच्या थरथरण्यातून. आता, वेटोळ्याची तार विजेला सहजासहजी जाऊ देत नाही, थोडी अडवते. किती अडवते, ते मोजण्याचे माप म्हणजे ओहम. ८ ओहमचा स्पीकर प्रवाहाला अधिक अडवतो, ४ ओहमचा कमी अडवतो. जो कमी अडवतो तो यंत्रातून अधिक प्रवाह ओढून घेतो. म्हणून आकडा लहान तितके ओझे मोठे.

ज्या माणसाच्या नावावरून हे माप आले, तो गेओर्ग सिमोन ओहम एका कुलुपे करणाऱ्या कारागिराचा मुलगा होता आणि पेशाने शाळामास्तर होता. १८१७ पासून तो जर्मनीतील कोलोन शहराच्या जुन्या जेझुइट विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवत असे, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या लांबीच्या तारा घेऊन त्यांतून जाणारा प्रवाह मोजत असे. १८२७ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वदेशात त्याचे स्वागत इतके थंड झाले की त्याने ती नोकरीच सोडली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, आणि १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्-परिषदेने त्याचे नाव या मापाला दिले. हा नियम मी स्वतः शाळेत पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. तो एखाद्या आईच्या कष्टाच्या पैशाशी जोडलेला असतो, हे मात्र शिकायचे राहिले होते.

नियम असा: विजेचा दाब भागिले अडवणूक, म्हणजे प्रवाह. समजा, ॲम्प्लिफायर एका क्षणी ८ व्होल्ट दाब देत आहे. ८ ओहमचा एकच स्पीकर असेल तर प्रवाह १ ॲम्पियर, आणि खर्च होणारी शक्ती ८ वॅट. मी जोडला तसा ४ ओहमचा दुसरा स्पीकर त्याच दोन टोकांवर जोडला, की विजेला जाण्यासाठी दोन वाटा झाल्या. एका टाकीला दोन नळ लावावे, तसे हे आहे. जुन्या वाटेने १ ॲम्पियर जातोच, नव्या वाटेने २ जातात, एकंदर ३. शक्ती ८ वॅटवरून २४ वॅटवर गेली. दोन्ही स्पीकर मिळून यंत्राला दिसणारी अडवणूक आठही नव्हे आणि चारही नव्हे, तर सुमारे २.७ ओहम होते. मी मात्र मनात धरून चाललो होतो की ती बारा होईल. दुरुस्ती करणारे गृहस्थ म्हणाले, “आठ मण ओढणाऱ्या बैलाला तुम्ही चोवीस मणांची गाडी जुंपलीत. चढ येईपर्यंत तो चालला, हेच त्याचे उपकार.”

या जोडणीला समांतर जोडणी म्हणतात. दोन सारख्या स्पीकरांची समांतर जोडणी केली तर आकडा निम्मा होतो: ८ आणि ८ चे ४, १६ आणि १६ चे ८. दुसरी तऱ्हा एकसर जोडणीची. तीत वीज एका स्पीकरमधून बाहेर पडून दुसऱ्यात शिरते, वाट एकच राहते, आणि आकड्यांची बेरीज होते: ८ आणि ८ चे १६. येथे यंत्राला धोका नाही, कारण ओझे हलके झाले. परंतु फायदाही थोडाच. त्याच ८ व्होल्टना आता प्रवाह अर्धा ॲम्पियर, एकंदर शक्ती ४ वॅट, आणि प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला २ वॅट. शेजारी शेजारी ठेवलेले दोन शंकू खालच्या स्वरांत एकमेकांना साहाय्य करतात, त्यामुळे घट फारशी जाणवत नाही. तरी आवाज वाढला असे काही म्हणता येणार नाही. एक स्पीकर इकडे आणि एक तिकडे ठेवून आवाज पसरवायचा असेल, तर या जोडणीचा उपयोग आहे.

तेव्हा पहिला नियम हा की ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लिहिलेला आकडा वाचावा, आणि एकंदर जोडणीचा आकडा त्याच्याखाली कधीही जाऊ देऊ नये. ‘किमान ४ ओहम’ असे लिहिले असेल आणि आत ८ चा स्पीकर असेल, तर बाहेर ८ चा दुसरा स्पीकर समांतर जोडण्यास हरकत नाही. दोन्ही मिळून बरोबर ४ होतात. ‘८ ओहम’ एवढेच लिहिले असेल आणि आत ८ चाच स्पीकर असेल, तर समांतर काहीही जोडू नये. स्पीकरवरचा आकडा पुसला गेला असल्यास मल्टिमीटरने पाहावे. मीटर नुसत्या तारेची अडवणूक दाखवतो, म्हणून ८ च्या स्पीकरला तो बहुधा ६ ते ७ दाखवील आणि ४ च्या स्पीकरला ३ च्या आसपास. त्याने गोंधळून जाऊ नये.

हे झाले ट्रान्झिस्टरच्या यंत्रांविषयी. ज्यांत काचेचे व्हाल्व असतात, अशी यंत्रेही गिटारवादकांना फार आवडतात, आणि त्यांचा स्वभाव निराळा आहे. त्यांच्यात व्हाल्व आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्स्फॉर्मर असतो, आणि पुष्कळदा मागे ४, ८, १६ अशी वेगवेगळी भोके दिलेली असतात. जेवढ्या ओहमचा स्पीकर, तेवढ्याच आकड्याच्या भोकात तो जोडावा. या यंत्राला स्पीकर न जोडता ते चालू करून वाजवणे सर्वांत घातक. विजेला जाण्यास वाट नसली की ट्रान्स्फॉर्मरमध्ये दाब भलताच चढतो आणि आतले वेष्टन फुटते. ट्रान्झिस्टरचे यंत्र स्पीकरावाचून सहसा बिघडत नाही, आणि अतिभाराने मरते. व्हाल्वच्या यंत्राला ओझ्यावाचून राहणे सोसत नाही. आणखी एक सूचना जिवाशी निगडित आहे. व्हाल्वच्या यंत्रात ३०० ते ४०० व्होल्टांचा दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो. ते यंत्र आपण उघडू नये. जाणत्यालाच उघडू द्यावे.

आता मागल्या बाजूच्या भोकांविषयी. ज्या भोकात कान-फोन लावतात, त्यात स्पीकर जोडू नये. तेथे मुद्दाम क्षीण केलेली वीज असते. ज्यावर ‘लाइन आउट’ असे लिहिलेले असते, तेही स्पीकरसाठी नाही. तेथील क्षीण संदेश दुसऱ्या ॲम्प्लिफायरकडे नेण्यासाठी असतो. बाहेरच्या स्पीकरसाठी खास भोक दिलेले असल्यास तेच वापरावे. मात्र त्याच्याही दोन जाती आहेत. काही यंत्रांत पिन खुपसताच आतला स्पीकर तुटतो आणि फक्त बाहेरचा वाजतो. काहींत दोन्ही समांतर वाजतात. कोणती जात आहे, हे जोडण्यापूर्वी माहितीपत्रकात पाहावे, नाही तर जाणत्याला विचारावे. आणि दोन ॲम्प्लिफायरांच्या बाहेर येणाऱ्या तारा एकाच स्पीकरला कधीही बांधू नयेत. असे केल्याने आवाज दुप्पट होत नाही; एक यंत्र दुसऱ्याला जाळते.

तारेचेही सांगितले पाहिजे. गिटारपासून पेटीपर्यंत जी जाळीदार आवरणाची तार असते, ती स्पीकरला वापरू नये. तिच्यातली आतली तार फार बारीक असते. ती क्षीण संदेशासाठी केलेली आहे, शक्ती वाहून नेण्यासाठी नव्हे. स्पीकरला विजेच्या कामाची साधी दोन पदरी जाड तार घ्यावी. पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार १० मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन २० मीटर होते आणि तिची स्वतःची अडवणूक अर्ध्या ओहमच्या जवळपास भरते. तेवढी चालते. तारेची टोके नुसती पीळ देऊन सोडू नयेत, जशी मी सोडली होती. ती एकमेकांना टेकली तर वीज स्पीकरात न जाता परस्पर वळते, आणि यंत्र तत्काळ जाते.

दोन स्पीकर असले म्हणजे दोघांचे शंकू एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे गेले पाहिजेत. एक पुढे जात असता दुसरा मागे गेला, तर एकाने दाबलेली हवा दुसरा ओढून घेतो आणि खालचे स्वर नाहीसे होतात. यासाठी स्पीकरच्या एका टोकावर अधिक चिन्ह किंवा तांबडा ठिपका असतो. तो पुसला गेला असल्यास दीड व्होल्टचा साधा सेल घ्यावा आणि त्याची टोके स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवून काढावीत. शंकू बाहेर आला, तर सेलचे अधिक टोक जेथे लागले होते ते स्पीकरचे अधिक टोक. हा प्रयोग मी आता आमच्या मुलांना करून दाखवतो, आणि शंकूने पुढे उडी मारली की ती हसतात.

आता एक प्रश्न राहतो. एवढे सर्व करून आवाज किती वाढतो? येथे माझी आणखी एक समजूत खोटी ठरली. शक्ती दुप्पट केली की आवाज दुप्पट होतो, असे मी धरून चाललो होतो. आवाजाच्या मापात दुप्पट शक्ती म्हणजे फक्त ३ डेसिबेलची वाढ. कानाला ती जेमतेम कळते. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटावा, तर सुमारे १० डेसिबेल लागतात, म्हणजे शक्ती दहापट लागते. याउलट, सर्व स्पीकर सारखे गुणी नसतात. एकाच वॅटमध्ये, एक मीटर अंतरावर, घरातला संगीताचा स्पीकर ८८ डेसिबेल देत असेल, तर गिटारसाठी केलेला चांगला स्पीकर ९७ देतो. हा ९ डेसिबेलचा फरक म्हणजे शक्तीची आठपट. हेच आकडे माझ्या जोडणीला लावून पाहा. माझ्या स्टिरिओच्या स्पीकरने यंत्रातून १६ वॅट ओढले. पण त्यांतून जो आवाज निघाला, तो आतल्या स्पीकरने २ वॅटमध्ये दिला असता. यंत्रावरचे ओझे तिप्पट झाले, आणि बदल्यात मिळाला तो पूर्वीच्या आवाजाचा केवळ चौथा हिस्सा.

म्हणून ज्यांना खरोखर अधिक आवाज हवा आहे, त्यांनी पुष्कळदा स्पीकर वाढवण्याऐवजी बदलावा. त्या गृहस्थांनी पुढे आमच्यासाठी हेच केले. ८ ओहमचा, १० इंचांचा, गिटारसाठी केलेला एक स्पीकर त्यांनी लाकडी पेटीत बसवून दिला. लाकूड हवेच, उघड्या स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना पुसून टाकते. आमच्या यंत्राला त्यांनी असे भोक बसवले, की बाहेरची पिन लावताच आतला स्पीकर बंद होतो. आकडा आठचा आठच राहिला, यंत्रावरचे ओझे वाढले नाही, आणि आवाज मात्र स्पष्टपणे भरला. स्पीकरवर किती वॅट लिहिले आहेत, तेही त्यांनी पाहिले. वादकाने बटण शेवटपर्यंत फिरवले की १० वॅटचे यंत्र त्याहून अधिक देऊ लागते, म्हणून स्पीकर दुपटीच्या ताकदीचा घेणे बरे.

परंतु हे सर्व नंतर झाले. फेस्ताच्या वेळी आमच्याजवळ एवढा अवधी नव्हता. जळालेला भाग बदलून पेटी आदल्या संध्याकाळी हाती आली. खर्च अर्थातच मी दिला. मुलाची आई ‘अर्धा तरी घ्या’ म्हणत होती, तो मी घेतला नाही. पेटी देताना त्या गृहस्थांनी मला विचारले, “मास्तर, मांडवात फादरांचे प्रवचन ऐकू येते का?” मी म्हटले, “येते. मांडवाचे स्पीकर त्यासाठीच लावलेले असतात.” ते म्हणाले, “मग गिटार त्याच वाटेने का नेत नाही?”

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. आम्ही पेटी जमिनीवरून उचलून एका स्टुलावर ठेवली आणि थोडी मागे कलती केली. लहान पेटीतले वरचे स्वर सरळ रेषेत जातात. ती जमिनीवर असली की ते ऐकणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर आदळतात, कानांपर्यंत पोचत नाहीत. मग चर्चचाच एक माइक तिच्या पुढ्यात, शंकूपासून वीतभर अंतरावर ठेवला. तेथून गिटारचा आवाज मांडवातल्या स्पीकरांत गेला. पेटीचे बटण अर्ध्यावरही न्यावे लागले नाही.

या व्यवस्थेत आणखी एक लाभ होता. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १७ मीटर दूर बसलेल्या माणसाला वृंदाचे गाणे सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने उशिरा पोचते. तारेतून जाणारी वीज मात्र त्याच क्षणी पोचते. मी दाराशी नुसता गिटारचा स्पीकर ठेवला असता, तर दाराजवळ बसणाऱ्यांना गिटार आधी आणि गाणे मागून, असे ऐकू आले असते. आता गाणे आणि गिटार दोन्ही एकाच वाटेने, एकाच वेळी पोचत होती.

फेस्ताची मिस्सा झाली. त्या आजी मांडवातल्या दुसऱ्या बाकावर होत्या. बाहेर पडताना मी त्यांना विचारले, “आजी, या वेळी ऐकू आले ना?” त्या म्हणाल्या, “आले. आणि तो पोरगा मधेच एकदा चुकला, तेही आले.” मुलगा शेजारीच उभा होता, तो लाजला आणि हसला. त्याची आई पेटी उचलून घेऊन जात होती. ती मी घेऊ लागलो, तेव्हा म्हणाली, “राहू द्या सर, हलकी आहे.”

श्रोतेहो, फेस्ताचे, गणेशोत्सवाचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दिवस आले की ठिकठिकाणी अशा लहान पेट्या बाहेर निघतात, आणि कोणी तरी उत्साही माणूस हातात दोन तारा घेऊन उभा राहतो. त्याला माझी विनंती एवढीच आहे. तार बांधण्यापूर्वी पेटीच्या पाठीवरचा आकडा वाचा, स्पीकरच्या पाठीवरचा वाचा, आणि दोघांचा हिशेब कागदावर करा. पेटी तापू लागली आणि एखादा मुलगा ‘सर, ही तापली आहे’ असे म्हणाला, तर गीत पुरे होण्याची वाट पाहू नका. बटण बंद करा. गीत पुन्हा म्हणता येते.